देवळामागचा कातळ आणि आपली घाई

टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडाला देवपण येत नाही, ही म्हण आम्ही कीर्तना-प्रवचनांतून लहानपणापासून ऐकत आलो. अलीकडे मात्र आमच्या देवस्थानांच्या आवारांत टाकीचा नाद फारसा कानी पडत नाही. ऐकू येतो तो कॉम्प्रेसरचा घरघराट आणि त्यामागून सुरुंगाचा दणका. जीर्णोद्धार म्हटला की सभामंडप वाढवायचा, अग्रशाळा बांधायची, मोटारींना जागा करायची. आणि त्यासाठी देवळामागचा कातळ उडवायचा. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की, त्याविरुद्ध कोणी शब्द काढला तर तो देवकार्यात विघ्न आणणारा ठरतो. तो दोष पत्करून आम्ही आज लिहीत आहोत.

कातळ फोडण्यालाच आमचा विरोध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. कातळ फोडल्यावाचून या देशात एकही देऊळ उभे राहिले नसते. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (इ. स. ७५६ ते ७७३) याच्या काळातले मानले जाते. डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत जाऊन कारागिरांनी जो दगड बाहेर काढला, त्याचे वजन दोन लाख टनांच्या घरात असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बेळगावकडील आमच्या वाचकांपैकी जे हंपीला जाऊन आले असतील, त्यांनी तेथील प्रचंड शिळांवर एका रेषेत खोदलेल्या चौकोनी खाचांच्या ओळी पाहिल्या असतील. त्या खाचांत पाचरी बसवून विजयनगरच्या पाथरवटांनी ग्रॅनाइटसारखा कठीण दगड हव्या त्या रेषेवर दुभंगविला. काही शिळा अर्धवट खाचा घेऊन आजही तशाच पडून आहेत.

म्हणजे वाद छिद्राचा नाही. छिद्रात काय घालायचे, याचा आहे. यंत्राने कातळात सव्वा इंच व्यासाची छिद्रे ओळीने पाडली, की पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट पाचरीची. प्रत्येक छिद्रात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये पाचर बसवावी, आणि एकेका पाचरीवर क्रमाक्रमाने घण घालीत जावे. दगड दाबाला बळी पडत नाही, पण ताणाला लवकर बळी पडतो. म्हणून काही फेऱ्यांनंतर तो छिद्रांच्या रेषेवर सरळ चिरतो. शेजारच्या भिंतीला त्याची वार्ताही लागत नाही. याच वाटेवरचा नवा उपाय म्हणजे कळीच्या चुन्याच्या जातीची फुगणारी पूड. ती पाण्यात कालवून छिद्रांत भरली की फुगू लागते, आणि साधारण एका दिवसात कातळाला तडा जातो. धूर नाही, दणका नाही, उडणारा धोंडा नाही.

दुसरी वाट सुरुंगाची. स्फोटाच्या शक्तीचा काही भागच दगड फोडण्याच्या कामी येतो. उरलेली शक्ती हादऱ्याच्या रूपाने जमिनीतून पसरते आणि तापलेला वायू कातळातील जुन्या भेगांत शिरून त्या रुंदावतो. शंभर हातांवर चुन्याच्या गाऱ्यात बांधलेले गर्भगृह उभे असेल, तर ही उरलेली शक्ती कोठे जाते, हे सांगावयास नको.

एका देवस्थानाचे उदाहरण आमच्या डोळ्यांसमोरचे आहे. नाव घेत नाही, कारण दोष एका गावाचा नव्हे. तेथे जत्रेपूर्वी आवार मोकळे व्हावे म्हणून तीन आठवडे सुरुंग चालले. गर्भगृहाच्या कमानीवर केसाएवढी चीर होती, ती पुढे बोट शिरेल इतकी झाली. तळीला पाणी पुरविणारा झरा आधी गढूळ झाला आणि त्या वैशाखात प्रथमच आटला. आम्ही विचारणा केली तेव्हा कारभाऱ्यांनी उत्तर दिले, की सुरुंगामुळेच हे घडले याला पुरावा काय? उत्तर तर्कशुद्ध होते. पुरावा नव्हताच, कारण काम सुरू करण्यापूर्वी चिरेची रुंदी कोणी मोजली नव्हती, झऱ्याचे पाणी किती येते हे कोणी पाहिले नव्हते. ज्याने मोजमाप घ्यावयाचे त्यानेच ते घेतले नाही, आणि तोच आता पुराव्याचा अभाव दाखवितो, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

वास्तविक मोजमापाचे शास्त्र तयार आहे. भारताच्या खाण-सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ साली सुरुंगाच्या हादऱ्यांच्या मर्यादा ठरवून दिल्या. जमिनीच्या कणांची हालचाल सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने होते, यावर त्या आधारलेल्या आहेत. ऐतिहासिक महत्त्वाच्या व नाजूक वास्तूंसाठी ही मर्यादा हादऱ्याची कंपने सेकंदाला ८ पेक्षा कमी असतील तर २ मिलिमीटर, ८ ते २५ असतील तर ५, आणि त्याहून अधिक असतील तर १० मिलिमीटर आहे. सामान्य घरांना लागू असलेल्या मर्यादेहून ती कडक आहे. हे नियम खाणींसाठी आहेत, देवळांच्या आवारासाठी नाहीत, अशी पळवाट कोणी काढील. खाणवाल्याने परक्याच्या वास्तूची जी काळजी घ्यावी असे सरकार सांगते, तेवढी काळजी महाजनांनी आपल्या कुलदेवतेच्या वास्तूची घेऊ नये काय?

आता घाईचा मुद्दा. सुरुंगाने जे आठ दिवसांत होते त्याला पाचरीने महिना लागेल, आणि खर्चही वाढेल, असे म्हणतात. आम्ही ते नाकारीत नाही. पण सुरुंगाच्या हिशेबात तडे बुजविण्याचा, कळस पुन्हा बसविण्याचा आणि आटलेल्या तळीसाठी टँकरने पाणी आणण्याचा खर्च कोणी मांडतो काय? झरा तर पैशाने परत येतच नाही. आमच्या कोकण-गोव्याच्या सड्यांवर जांभा पावसाचे पाणी स्पंजासारखे पितो. खालच्या चिकण थरावर ते अडते आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पूर्वजांनी देऊळ आणि तळी तेथे बांधली ती हे ओळखून. ती वाट मोडण्यास एक दणका पुरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घण आणि पाचर हा माणसाचा छळ आहे, यंत्र आले हे बरेच झाले, असे काही सुशिक्षित म्हणतात. त्यात तथ्य आहे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटाचा लोहमार्ग झाला, तेव्हा डायनामाइट अजून जन्माला यावयाचे होते. हाताने छिद्रे पाडून, साध्या दारूने डोंगर फोडून मजुरांनी पंचवीस बोगदे खोदले, आणि कितीजण अपघाताने व पटकीने तेथेच राहिले. ते दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. यंत्राने छिद्र पाडावे. पण यंत्र धरणाऱ्या मजुराच्या छातीचा विचार कोण करतो? कोरडे छिद्र पाडताना उडणारी गारगोटीची सूक्ष्म धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर उतारा नाही. अमेरिकेत पश्चिम व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगद्यावर १९३० च्या सुमारास शेकडो मजूर या धुळीने मेले. काळ्या कातळात हे द्रव्य कमी असते. हैदराबादकडील ग्रॅनाइटात भरपूर. छिद्रात पाण्याची धार सोडली की धुळीचा चिखल होतो आणि माणूस वाचतो. उपाय एवढा सोपा असता देवाच्या दारी मजूर तोंडाला फडके बांधून धूळ गिळीत उभा असतो, आणि आत महानैवेद्याची सिद्धता चाललेली असते. हे दृश्य पाहून आम्हांस लाज वाटते.

सोळाव्या शतकात साष्टी, बारदेश आणि तिसवाडीतली देवळे पाडली गेली, तेव्हा आमच्या पूर्वजांनी रातोरात देव उचलून अंत्रुजात आणि इतरत्र नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. तेव्हा देऊळ वाचविणे त्यांच्या हाती नव्हते. आज ते आमच्या हाती आहे.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. गर्भगृहाच्या आणि तळीच्या परिसरात सुरुंग लावला जाणार नाही, असा ठराव महाजनांच्या सभेने करावा. पाचर किंवा फुगणारी पूड यांनीच तेथील कातळ काढावा. कामाआधी प्रत्येक चिरेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालावी. चीर वाढली तर काच फुटेल आणि पुरावा मागणाऱ्यास उत्तर मिळेल. झऱ्याखाली घागर धरून ती किती वेळात भरते, हे महिन्याच्या महिन्यास वहीत नोंदवावे. पाण्याच्या धारेवाचून कोणतेही यंत्र चालू देऊ नये. आणि एवढे करूनही काम जत्रेपूर्वी पुरे होत नसेल, तर त्या वर्षी मोटारी गावाच्या वेशीवर थांबवाव्यात. तेथून देवळापर्यंत चालत जाणे भाविकाला जड वाटू नये.