तिजोरीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला?

महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी त्यास विरोध केला. हा पैसा करदात्या रयतेचा आहे, तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, ही त्यांची भूमिका होती. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्याच पाहुण्याच्या स्वागतखर्चास नकार द्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. प्रस्ताव मंजूर झाला. परंतु नगरपालिकेचा पैसा कुणाचा आणि तो कुणासाठी, हा प्रश्न त्या दिवशी सभागृहात उभा राहिला.

स्वतंत्र महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत हा प्रश्न विचारण्यासाठी काही वर्षे सभागृहच उरले नव्हते. मुंबई, पुणे, नागपूर येथील लोकनियुक्त महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासकांचा अंमल सुरू झाला. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात पडून राहिला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने फटकारल्यावर १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान झाले. दरम्यान २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ अशी तीन अंदाजपत्रके मुंबईच्या आयुक्तांनी प्रशासक या नात्याने स्वतःच मांडली व स्वतःच मंजूर केली. कर बसविणारा, खर्च ठरविणारा आणि त्यावर मान डोलावणारा एकच अधिकारी! त्या अधिकाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका घ्यावयाची नाही. परंतु जनतेच्या संमतीवाचून जनतेचा पैसा खर्च होणे म्हणजे स्वराज्य नव्हे, एवढे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आता सभागृहे भरली, नगरसेवक आले, म्हणजे स्थानिक स्वराज्य परतले, अशी समजूत कार्यकर्त्यांनी करून घेऊ नये. माणसे आली, पण तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला कुठे आहेत? त्या गेल्या पाव शतकात एकेक करून काढून घेण्यात आल्या आहेत, आणि हे सारे कसे घडले हे समजून घेतल्याखेरीज पुढील लढ्याची दिशा कळणार नाही.

जकातीचेच उदाहरण घेऊ. जकात हा काही पुरोगामी कर नव्हता. धान्यावर, कापडावर, घरबांधणीच्या सामानावर तो बसे आणि शेवटी गरिबाच्या खिशातून वसूल होई. नाक्यावरील मालमोटारींच्या रांगा आणि तेथील चिरीमिरी यांचा अनुभव सर्वांनी घेतला आहे. जकात गेली याचे आम्हांस सुतक नाही. परंतु ती जाताना तिच्या जागी काय आले, हा खरा प्रश्न आहे. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली व त्या राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पुकारले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांहून कमी उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकातही संपली. त्यानंतर दरमहा राज्य सरकारकडून भरपाईची रक्कम येऊ लागली. ज्या मुंबईने देशाची तिजोरी भरावी, तिची महापालिका अशी पेन्शनरासारखी महिन्याच्या रकमेची वाट पाहू लागली.

या भरपाईतील हिशेबही पाहण्याजोगा आहे. राज्यांना पाच वर्षे दरसाल १४ टक्के वाढीची हमी केंद्राकडून मिळाली. त्याच राज्याने आपल्या महापालिकांना देऊ केलेली वाढ मात्र ८ टक्क्यांची. दिल्लीपुढे राज्यांच्या हक्कांसाठी गळा काढणारे मुंबईच्या मंत्रालयात बसले की स्वतःच छोटी दिल्ली होतात, ते असे!

याचे परिणाम अंदाजपत्रकात उघड दिसतात. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. त्यात जकातीपोटी भरपाई सुमारे १४,४०० कोटी, तर मालमत्ता कर सुमारे ५,२०० कोटी धरलेला होता. आणि विकास नियोजन खात्याकडून, म्हणजे मुख्यतः वाढीव चटईक्षेत्रासाठी बिल्डरांकडून मिळणाऱ्या अधिमूल्यातून, सुमारे ९,७०० कोटी अपेक्षित होते. वाचकांनी या आकड्यांवर क्षणभर थांबावे. उभ्या संपत्तीवर दरवर्षी मिळणाऱ्या करापेक्षा, नवे मजले चढविण्याच्या परवानगीचे उत्पन्न जवळजवळ दुप्पट! ज्या महापालिकेचे पोट बिल्डरांच्या अधिमूल्यावर भरते, ती मैदानाचे, मिठागराचे, चाळीतल्या भाडेकरूचे रक्षण कशाच्या बळावर करणार? महसुलाचा प्रश्न हिशेबनिसाचा नसून वर्गाचा आहे, असे समाजवादी म्हणतात ते याच अर्थाने.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा राज्य सरकारने केली. लहान घरात राहणाऱ्या श्रमिकाला सूट मिळावी, यास आमचा पाठिंबाच आहे. पण घोषणेचे श्रेय राज्याचे आणि तूट महापालिकेची, हा कोणता न्याय? सूट लहानाला द्यावयाची तर भार मोठ्यावर टाकावयास हवा. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवलेले फ्लॅट, भाव वाढण्याची वाट पाहत पडलेले भूखंड, आलिशान मनोरे यांच्यावर चढत्या दराने कर बसविण्याचे धैर्य कोणत्याही सत्ताधारी पक्षाने दाखविले नाही. उलट, वर्षानुवर्षे कर थकविणाऱ्यांसाठी दंडमाफीच्या ‘अभय योजना’ निघतात, आणि छोट्या थकबाकीदाराच्या दारात बँड वाजतो.

हे सारे घटनेच्या चौकटीत राहून चालले आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. तिने बाराव्या परिशिष्टात १८ कामे शहरांच्या पदरात घातली. कराचा अधिकार मात्र थेट दिला नाही. राज्य विधिमंडळ तो कायद्याने देऊ शकेल, एवढेच म्हटले. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचे बंधन घातले. त्याच्या शिफारशी मानण्याचे घातले नाही. खेड्यांचीही तीच कथा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी आधीच बांधून दिली होती. विषय महत्त्वाचे खरे. पण गावाची निकड गावाला कळते, की दिल्लीला? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतातील नगरसंस्थांचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आसपास घोटाळते आहे. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण ७.४ टक्के आहे.

दुसरा मार्ग नाही, असे मात्र नव्हे. केरळातील डाव्या आघाडीच्या सरकारने १९९६ मध्ये राज्याच्या योजनाखर्चातील ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना दिला आणि ग्रामसभांतून योजना आखावयास लावल्या. त्यात उणिवा राहिल्या, परंतु सामान्य माणूस आराखड्याच्या टेबलापाशी आला. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागविल्या. रक्कम तुटपुंजी, तरी वाट योग्य होती.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वस्तू व सेवा करातील स्थानिक संस्थांचा वाटा दयेची भरपाई म्हणून नव्हे, तर घटनात्मक हक्क म्हणून मिळावा. राज्याने जाहीर केलेल्या प्रत्येक करमाफीची तूट राज्याने भरून द्यावी. मालमत्ता कर चढत्या दराचा असावा. वित्त आयोगाची शिफारस नाकारावयाची असल्यास विधिमंडळात कारणे द्यावीत.

परंतु मागण्यांची निवेदने देऊन आपले काम संपत नाही. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी आपल्या महापालिकेचे अंदाजपत्रक उघडून पाहिले आहे? गटार तुंबले की मोर्चा काढतो. गटारासाठी किती रक्कम धरली होती, त्यातली किती खर्ची पडली आणि उरलेली कोणत्या उड्डाणपुलाकडे वळली, हे मात्र विचारीत नाही. मुंबईखेरीज अन्य महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यानुसार पुढील वर्षाच्या करांचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावयाचे असतात. त्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डात एक तरी सभा घ्यावी. अंदाजपत्रकातील वॉर्डापुरती पाने सोप्या मराठीत फळ्यावर लिहावीत. पाणीपट्टी भरणाऱ्या बायाबापड्यांना, फेरीवाल्यांना, सफाई कामगारांना तेथे बोलवावे आणि नगरसेवकालाही, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. त्या सभेत विचारलेला एकेक प्रश्न सभागृहापर्यंत पोहोचविणे हे आपले काम. जोतीरावांच्या पाठीशी सभागृहाबाहेर असे संघटित लोक नव्हते. आपल्याला ते उभे करता येतील.