बुद्ध चालतो, बाबासाहेब चालत नाहीत



बुद्ध सध्या फार खपतोय. फायबरचा, पितळेचा, काळ्या दगडासारखा रंगवलेला पीओपीचा. टॉवरमधल्या फ्लॅटात ध्यानासाठी म्हणून एक कोपरा निघालाय. पिवळा दिवा, बांबूचं कारंजं, सुगंधी मेणबत्ती आणि मधोमध डोळे मिटलेला बुद्ध. मला ठाऊक, कारण तो वर पोचवणारा मीच. टेंपोवर हमाली करतो. मूर्तीला ओरखडा आला तर माझी हजेरी कापतात. आणि तथागताला खांद्यावर घेऊन जायचं ते सामानाच्या लिफ्टनं.

त्यांना शांती पाहिजे. घ्या की, कोण नाही म्हणतो? पण मागं एका घरी मूर्ती बसवली. बाईंनी पाणी दिलं, चहा दिला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, ताई, शेजारी बाबासाहेबांचा फोटो लावा, आमच्यात दोघं जोडीनंच असतात. बाई हसल्या. ‘नको हो, घरात राजकारण नको.’

राजकारण!

सिद्धार्थानं घर का सोडलं ते बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये लिहून ठेवलंय. म्हातारा, आजारी, प्रेत बघून नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले. शाक्य संघानं युद्धाचा ठराव केला. हा त्याविरुद्ध उभा राहिला आणि परिव्रज्या पत्करून बाहेर पडला. पाण्याचा तंटा! चवदार तळ्याच्या लेकरांना वेगळं काय सांगू? पुढं ४५ वर्षं माणूस पायी हिंडला. उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, म्हंजे राजपुत्रांनी त्याच्यापुढं वाकावं. रस्ता झाडणाऱ्या सुनीताला संघात घेतलं. हे राजकारण न्हाई तर काय? ते सगळं छाटायचं आणि मिटलेले डोळे तेवढे ठेवायचे.

छाटायचं म्हणजे खरोखरच छाटायचं. हल्ली नुसतं शिर विकतात, स्टँडवर बसवलेलं. जावातल्या बोरोबुदुरला बुद्धाच्या ५०४ मूर्ती होत्या. त्यातल्या ३०० हून जास्त मोडक्या, बहुतेकांना शिरच नाही. चोरीच्या त्या शिरांची नक्कल ह्यांच्या दिवाणखान्यात शोभेला.

आमच्याकडे मूर्ती कशी आली? २५ डिसेंबर १९५४ ला देहू रोडला, बाबासाहेबांच्या हातून. रंगूनहून आणलेली. ती कोपरा सजवायला नव्हती.

आता आपल्या लोकांचं. कॉलनीत ब्लॉक घेतला की आपला साहेबही दारात पोट सुटलेला लाफिंग बुद्धा ठेवतो. पैसा येतो म्हणे. अरे, तो गौतम नव्हेच, तो चीनमधला बुदाई भिक्खू! बाबासाहेबांची तसबीर मात्र बेडरूममध्ये, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. त्या बाईंपेक्षा मला ह्या साहेबाचा राग जास्त येतो.

आणि आपली पोरं? कुणी चपलेवर बुद्ध छापला की मोर्चा. काढा, जरूर काढा. पण जिथं तो बुद्ध झाला त्या बोधगयेच्या महाविहाराचं काय? १९४९ च्या कायद्यानं कमिटीवर चार बौद्ध, चार हिंदू आणि वर अध्यक्ष कलेक्टर. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खू तिथं उपोषणाला बसले. आपल्या वस्तीतल्या किती जणांना त्याची खबर होती?

त्या कायद्याचा मराठी मजकूर कुणाकडे असेल तर झेरॉक्स काढून द्या. टेंपोवरच्या पोरांना वाचून दाखवायचाय.

जय भीम.