पूर्वीचं गाव म्हणजे कुठल्या सालचं?



आमच्या अभ्यासिकेत येणारा सहावीतला एक मुलगा मागच्या आठवड्यात काठी शोधत होता. कशाला रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "शाळेचं गॅदरिंग आहे. ग्रामसंस्कृतीचा देखावा आहे. मी वेसकर झालोय." डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि पाटील झालेला मुलगा आला की वाकून जोहार घालायचा. मातंग वस्तीतल्या दोन मुलींना केरसुण्या विकायचं काम मिळालं होतं. कुणाला काय द्यायचं हे कसं ठरलं, ते त्याने सांगितलं नाही. हजेरीपटावरची आडनावं आम्हालाही माहीत आहेत.

आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ आहेत, चहा दिला. म्हणाले, "अहो, वेसकर म्हणजे गावाचा रक्षक. मानाचं पद होतं ते! मुलांना आपली संस्कृती कळायला नको का?" आम्ही एवढंच विचारलं, "सर, हे गाव कुठल्या सालचं?" ते गोंधळले. "साल कसलं? पूर्वीचं गाव!"

हा प्रश्न आम्हाला तिथे बसल्याबसल्या सुचलेला नाही. तो आम्ही फार लांबून, अमेरिकेतल्या एका संग्रहालयातून आणला आहे.

मागच्या ऑक्टोबरात कामानिमित्त आम्ही तिघे बॉस्टनजवळ आपल्या एका मित्राकडे मुक्कामाला होतो. रविवारी त्याने गाडी काढली आणि दक्षिणेला तासाभरावर असलेल्या प्लिमथ गावी नेलं. इंग्लंडमधून 'मेफ्लॉवर' जहाजाने निघालेले १०२ प्रवासी १६२० च्या डिसेंबरात इथे उतरले आणि त्यांनी वसाहत वसवली. अमेरिकेतल्या शाळांत मुलांना देशाची गोष्ट बऱ्याचदा इथूनच शिकवतात. १९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, तिथे एक संग्रहालय सुरू झालं. पूर्वी त्याचं नाव 'प्लिमथ प्लँटेशन' होतं, २०२० साली ते 'प्लिमथ पटक्सेट' झालं. पटक्सेट हे त्या जागेवरच्या मूळ गावाचं नाव.

काचेच्या कपाटातल्या वस्तू बघायचं हे संग्रहालय नाही. अख्खं इंग्रज गाव पुन्हा उभं केलं आहे. गवताने शाकारलेली घरं, धुराने भरलेल्या चुली, कोंबड्या, वाफे, भोवती लाकडी कूस. त्यात त्या काळचे कपडे घातलेली माणसं लाकूड फोडतात, रांधतात, भांडतात. आपण बोलायला गेलो की ती १६२७ सालातच राहून उत्तरं देतात, उच्चारसुद्धा त्या काळच्या इंग्रजीचे. मोबाइल दाखवला तर हे काय म्हणून विचारतात. आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर एका बाईने मसाल्याच्या जहाजांची चौकशी केली. मजा वाटली, खोटं कशाला सांगा.

पण मजा ओसरल्यावर आम्ही मेटाकॉमबद्दल विचारलं.

मेटाकॉम कोण, ते आधी सांगतो. इंग्रज आले तेव्हा हा मुलूख वाम्पानोआग लोकांचा होता. त्यांचा प्रमुख मॅसासॉइट याने १६२१ च्या मार्चमध्ये या वसाहतवाल्यांशी तह केला. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे इंग्रज मेले होते. उरलेले तगले त्यात या लोकांच्या मदतीचा मोठा वाटा होता. मॅसासॉइटच्या मुलाचं नाव मेटाकॉम. जमिनी जात राहिल्या, अपमान वाढत गेले आणि १६७५ साली त्याने लढाई पुकारली. १६७६ च्या ऑगस्टमध्ये त्याला मारलं. त्याचं मुंडकं याच प्लिमथमध्ये खांबावर लावलं आणि ते वीस वर्षांहून जास्त काळ तिथेच होतं. त्याच्या लहान मुलाला गुलाम म्हणून विकलं. पोराला मारावं की विकावं यावर धर्मोपदेशकांनी बायबलचे दाखले देत चर्चा केली होती.

बाईने भांडं ढवळत उत्तर दिलं, "या नावाचा कुणी मला ठाऊक नाही. मॅसासॉइट मात्र आमचा स्नेही आहे."

ती खोटं बोलत नव्हती. १६२७ साली मेटाकॉम जन्मलाच नव्हता.

सगळी मेख इथे आहे, मित्रांनो. १६२७ हे साल का? वसाहत अजून लहान आहे, सगळे एका कुसाच्या आत राहतात, देखाव्याला सोयीचं आहे, ही कारणं खरी आहेत. पण ते साल धरलं की तह शाबूत असतो, शेजारी स्नेही असतो आणि खांबावरचं मुंडकं अजून ४९ वर्षं लांब असतं. कुणी एक शब्द खोटा न बोलता अख्खा समाज निर्दोष राहतो. इतिहास खोटा लिहावाच लागतो असं नाही. घड्याळ योग्य वेळी थांबवलं तरी काम भागतं.

आमच्यातला एक जण मात्र घरून वाचून आला होता. टेकडीवर लाकडी किल्ला आहे, वर तोफा, खाली प्रार्थनेची जागा. तिथे पहाऱ्यावरच्या माणसाला त्याने विचारलं, "विटुवामॅटचं मुंडकं इथेच लावलं होतं ना?" हे प्रकरण १६२३ चं, म्हणजे १६२७ च्या आत बसणारं. वेसागसेट नावाच्या ठिकाणी माइल्स स्टँडिश या वसाहतीच्या कप्तानाने विटुवामॅट आणि त्याच्या साथीदारांना जवळ बोलावून ठार केलं, आणि मुंडकं आणून प्लिमथच्या किल्ल्यावर लावलं. आम्हाला वाटलं, आता हा माणूस टाळाटाळ करेल. त्याने नाही केली. शांतपणे म्हणाला की ते आमच्यावर उठणार होते, कप्तानाने वेळीच केलं ते बरं झालं, आता सगळे वचकून आहेत.

अंगावर काटा आला. आणि त्या माणसाबद्दल आदरही वाटला. मारणाऱ्याची बाजू मारणाऱ्याच्या तोंडून, विनामाफी, दिवसाउजेडी ऐकायला मिळाली. आपल्याकडे हे सोंग कोण घेईल? उद्या महाडला असं संग्रहालय काढलं, साल धरलं १९२७, तर चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या घेऊन धावलेला माणूस कोण होणार? शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून तळं 'शुद्ध' करणारा भटजी कोण होणार? तो तिथे उभा राहून आपलं शास्त्र आपल्याला समजावून सांगेल का? आपल्या गॅदरिंगमध्ये वेसकर असतो, पण त्याला वेशीबाहेर ठेवणारा कुणीच नसतो. पाटील हसतमुख, कुलकर्णी प्रेमळ, भटजी प्रसाद वाटतो. मग वेसकर रात्रभर बाहेर का उभा आहे? हौस म्हणून?

त्याच संग्रहालयात नदीकाठी वाम्पानोआगांची वाडी आहे. झाडांच्या सालीने मढवलेली घरं आहेत. एक माणूस लाकडाचा मोठा ओंडका आतून जाळून होडी करत होता. अंगावर हरणाचं कातडं, पण बोलणं आजचं. इथे कुणी १६२७ मधलं पात्र होत नाही. ते मूळ समाजांतले लोक आहेत आणि आजच्या काळात उभं राहून, 'आम्ही' म्हणून बोलतात. इंग्रज गावातला माणूस सुट्टी झाली की कपडे बदलतो आणि विषय संपतो. या माणसाचा विषय कपडे बदलून संपत नाही. शेजारच्या एका पर्यटकाने त्याला विचारलं, "तुम्ही खरे इंडियन का?" तो म्हणाला, "खरे इंडियन तर हे तुमच्या बाजूला उभे आहेत." आणि आमच्याकडे बघून हसला. कोलंबसाची चूक आम्ही दोघे मिळून हसून घेतली.

सोंग घ्यायला नकार. हे आपल्याला नवं आहे का? १९५६ नंतर, आणि काही गावांत त्याच्याही आधी, आपल्या आजोबा-पणजोबांनी काय केलं होतं? मेलेलं ढोर ओढणार नाही. जत्रेत हलगी वाजवणार नाही. जोहार घालणार नाही. त्यासाठी गावोगाव बहिष्कार सोसले, दाणे बंद झाले, पाणी बंद झालं, पण गावाने शतकानुशतकं लादलेली भूमिका त्यांनी टाकली ती टाकलीच. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक आणलं होतं. ज्या 'मानाच्या पदा'ची मुख्याध्यापक आम्हाला आठवण करून देत होते, त्याला बाबासाहेब गुलामी समजत होते. आणि तीच काठी आता सहावीतल्या पोराच्या हातात टाळ्यांसाठी देतात!

आता आपल्याच लोकांशी थोडं भांडायचं आहे. परत येताना गाडीत आमच्यातला तरुण मित्र म्हणाला, "म्हणजे हेही आपल्यासारखे मूलनिवासीच." नाही, बाबा. घाई करू नकोस. त्यांची लढाई आधी जमिनीची आहे, बाहेरून आलेल्याने घेतलेल्या मुलखाची. मॅशपी वाम्पानोआगांना केंद्र सरकारची मान्यताच २००७ साली मिळाली. २०२० मध्ये त्यांची राखीव जमीन काढून घेण्याचा हुकूम निघाला आणि कोर्टात जाऊन ती वाचवावी लागली. आपला प्रश्न एकाच गावात, एकाच भाषेत, वेशीच्या आत आणि बाहेर विभागलेल्या माणसांचा आहे. अस्पृश्यतेचं मूळ वंशात आहे, हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात सरळ नाकारला आहे. बंधुभाव जोडायला दोन दुःखं एकसारखी असावी लागत नाहीत.

दुसरं, तिथलं सगळं छान म्हणून गळ्यात पडू नका. त्या संग्रहालयावर बहिष्कार घाला, असं २०२२ साली काही वाम्पानोआगांनीच जाहीर सांगितलं. दोन्ही संस्कृतींना सारखी जागा देऊ म्हणालात, पण आमची वाडी लहान, दुर्लक्षित, आणि तिथे स्थानिक जमातींची माणसं नाहीत, ही त्यांची तक्रार होती.  नाव बदललं की सगळं बदलतं असं नाही, हे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षं लढलेल्या आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

संग्रहालयातून निघून आम्ही समुद्राकाठच्या कोल्स हिल या टेकडीवर गेलो. १९७० साली मेफ्लॉवरच्या ३५० व्या वर्षानिमित्त सरकारी मेजवानी होती. तिथे वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग शिक्षकाला भाषणाचं आमंत्रण होतं. भाषण आधी दाखवा म्हणाले. दाखवलं, तर ते चालेना. मग त्यांनीच दुसरं लिहून दिलं. जेम्सने ते वाचायला नकार दिला, आणि देश ज्या दिवशी 'थँक्सगिव्हिंग'चा सण साजरा करतो त्या दिवशी या टेकडीवर, मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ, शोकदिन पाळला. दर वर्षी तो अजून पाळला जातो. बाबासाहेबांचं १९३६ चं लाहोरचं न झालेलं भाषण आठवलं नसतं तरच नवल. तेही आधी मागवलं होतं, तेही खटकलं होतं, आणि बाबासाहेबांनी स्वल्पविराम बदलायलाही नकार दिला होता.

तर पुन्हा मुख्याध्यापकांकडे. प्लिमथवाल्यांचं साल सोयीचं असेल, पण निदान ते साल सांगतात. साल सांगितलं की त्याच्या अलीकडचं-पलीकडचं विचारता येतं. आमच्या मित्राने १६२३ चं विचारलं आणि उत्तर मिळालं. 'पूर्वीचं गाव' मात्र कुठल्याच सालात नसतं. ना १८७२ चं, ना १९२७ चं, ना १९७२ च्या दुष्काळातलं. त्यामुळे त्याला कुणी काही विचारू शकत नाही. बरं, हे स्वयंपूर्ण, सुखी, छोट्या प्रजासत्ताकासारखं गाव कुणी रंगवलं? मेटकाफ नावाच्या कंपनी सरकारच्या साहेबाने, १८३० साली. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी त्याचं नाव घेऊन त्या चित्राचा समाचार घेतला. आमचे संस्कृतिरक्षक ज्याला अस्सल देशी म्हणून छातीशी धरतात, ते चित्र इंग्रजाच्या दौतीतून उतरलेलं आहे!

देखावा बंद करा, असं आम्ही शाळेला म्हटलेलं नाही. लेखी निवेदनात तीनच गोष्टी मागितल्या आहेत. देखाव्यावर साल लिहा. भूमिका आडनाव बघून नको, चिठ्ठ्या टाकून वाटा. आणि पाणवठा दाखवणार असाल तर त्यावर कोण पाणी भरत होतं आणि कोण लांब उभं राहत होतं, तेही दाखवा. तिसरी मागणी वाचताना मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला आणि "संस्थेला विचारावं लागेल" म्हणाले. गॅदरिंग पंधरा दिवसांवर आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता विहारात पालकांची बैठक ठेवली आहे. त्या मुलाचे वडील रात्रपाळीला असतात, त्याची आई येणार आहे. मातंग वस्तीतल्या पालकांनाही निरोप दिला आहे. काठी सध्या अभ्यासिकेच्या कपाटामागे उभी आहे.

जयभीम!