छावणीतल्या बराकींपासून अभ्यास मंडळाच्या टेबलापर्यंत

१/ जून १९५०. पोलीस कारवाईला पुरती दोन वर्षेही झालेली नव्हती. औरंगाबादच्या छावणीतील जुन्या लष्करी इमारतींत एक महाविद्यालय सुरू झाले. संस्था पीपल्स एज्युकेशन सोसायटी, संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या वास्तूची कोनशिला बसली. हेच नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि ज्या समाजाविषयी तो बोलतो तो समाज, यांचे नाते कसे असावे, या आजच्या वादाचे एक उत्तर या बराकींत दडलेले आहे.

२/ मिलिंदला स्वतःचा अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार नव्हता. पुस्तके नेमायची ती हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने आणि १९५८ नंतर मराठवाडा विद्यापीठाने. संस्था मात्र समाजाची होती, आणि फरक पडला तो तिथेच.

३/ वर्गाबाहेर एक दुसरा अभ्यासक्रम आकाराला आला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले. डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून देत, आपल्या विद्यार्थ्यांनीही आपले जगणे लिहावे असा आग्रह धरला. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ निघू लागले. खेड्यातून आलेल्या मुलाला आपले लेखन छापून येताना दिसले, ही साधी गोष्ट नव्हती.

४/ पुढे ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने आली आणि यथावकाश विद्यापीठांच्या वर्गांत पोचली. क्रम लक्षात घ्यावा: आधी स्वतःची संस्था, मग स्वतःचे नियतकालिक, आणि सर्वांत शेवटी विद्यापीठाची मान्यता. विद्यापीठाने पुढाकार घेऊन समाजाला बोलावले, असे मराठवाड्यात घडलेले नाही. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव यायलाच १९७८च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या काळात घरेही जळली.

५/ कॅनडातही असाच मार्ग दिसतो. १९७६ साली सस्कॅचेवान प्रांतातील आदिम राष्ट्रांच्या महासंघाने रेजायना विद्यापीठाशी करार करून स्वतःचे महाविद्यालय काढले. पदवी विद्यापीठाची, कारभार महासंघाचा. क्रीसारख्या भाषा तिथे पदवीचे विषय झाले.

६/ आता छावणीपासून साठेक किलोमीटरवरच्या कन्नडला यावे. या तालुक्यात भिल्ल आणि ठाकर समाजाच्या वस्त्या आहेत. तिथून चाळीसगावला उतरणाऱ्या घाटाचे नाव औट्रम घाट. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे हे नाव. डोंगर ज्यांच्या पायाखालचा, त्यांचे एकही नाव त्या पाटीवर नाही. भिल्लांविषयी वर्गात जे शिकवले जाते तेही पुष्कळसे गॅझेटियरांतून आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतून आलेले असते. ज्यांनी त्यांना ‘वठणीवर आणले’ त्यांचीच साक्ष!

७/ २०११च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून अधिक होते. तरी आठव्या अनुसूचीत भिलीला जागा नाही. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७चा. म्हणजे लिहिणारे नव्हते ही सबब टिकत नाही. नव्हती ती नागसेनवनासारखी स्वतःची जागा.

८/ राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आदिवासी ज्ञानाचा स्पष्ट उल्लेख आहे. संधी खरी आहे, धोकाही तितकाच खरा. ९ ऑगस्टला पाड्यावरच्या म्हाताऱ्याला बोलवावे, शाल-श्रीफळ द्यावे, त्याच्याकडून वनस्पतींची नावे नि कथा टिपून घ्याव्यात आणि पुस्तकावर नाव प्राध्यापकाचे घालावे, याला कोणी भागीदारी म्हणत असेल तर औट्रमचे अहवालही भागीदारीच होते.

९/ आक्षेप ठरलेला असतो: अभ्यासक्रम ठरवणे तज्ज्ञांचे काम, गावकऱ्यांचे नव्हे. पण शेकडो ओळींची गाथा मुखोद्गत असणारा आणि तिचे प्रसंग, विधी, पाठभेद जाणणारा माणूस त्या विषयातला तज्ज्ञ नसेल, तर त्याच्याकडून उतरवून घेणारा तज्ज्ञ कसा ठरतो? अर्थात, गावातला प्रत्येक शब्द प्रमाण मानावा असेही नाही. पानतावण्यांनीही येईल ते सगळे छापले नाही; ते संपादक होते. निवड व्हावी, पण निवडणाऱ्यांत त्या समाजाची माणसे असावीत.

१०/ म्हणून मागणी नेमकी हवी. लोककथा, बोली, वनज्ञान यांचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांवर त्या समाजाच्या प्रतिनिधींना मतासह जागा. सांगणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर, लेखक म्हणून. ध्वनिमुद्रणाची प्रत गावाच्या ताब्यात. आणि काही तासिका कन्नडच्या डोंगरात, विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन ऐकायच्या.