गुडघे नसले म्हणून काय झालं?

परवा एक ब्लॉगर मित्र माझ्या स्टार वॉर्सच्या स्वस्त फिगर्सना 'गरिबांचा संग्रह' म्हणाला. का, तर त्यांचे गुडघे वाकत नाहीत! अरे बाबा, 1978 मध्ये केनर कंपनीने पहिल्या पावणेचार इंची फिगर्स काढल्या, त्यांना तरी कुठे गुडघे होते? मान, दोन खांदे, दोन मांड्या. संपलं. उंची एवढुशी ठेवली ती त्यांना यानात बसवता यावं म्हणून. काचेआड उभं करायला नव्हे.

2013 मध्ये हॅस्ब्रोने सहा इंची महागडी ब्लॅक सिरीज आणली, आणि त्याच वर्षी पाच सांध्यांची 'सागा लेजेंड्स'. दर्दी मंडळींनी दुसरीकडे बघून नाकं मुरडली.

त्यात आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. राजारामपुरीतल्या पोराने वाढदिवसाच्या पैशांत घ्यायचं काय मग? नुसते फोटो बघायचे?

माझा भाचा वेडरला वाळूत पुरतो, बादलीत बुडवतो. काही होत नाही, मोडायला सांधेच कमी! वीस सांध्यांचा योद्धा एकदा त्याच्या हाती देऊन बघा. (ताई, तू वाचतेयस ना? सांग यांना.)