सीएफएल गेले, ट्यूबलाइट जातील. पारा कुठे जाणार?

बहुतेक घरांत माळ्यावर किंवा दारामागे एखादी जळकी ट्यूबलाइट उभी असते. दिवाळीची आवराआवर निघाली की ती खाली येते, घंटागाडीत पडते आणि फटकन फुटते. हा आवाज पुढच्या काळात जास्त ऐकू येणार आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. या करारातील देशांनी ठरवल्याप्रमाणे घरगुती सीएफएलचे उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करण्याची मुदत २०२५ ची होती, आणि २०२७ च्या अखेरपर्यंत उरलेल्या साऱ्या फ्लुरोसंट नळ्यांची पाळी आहे. घरात लावलेले दिवे वापरण्यावर मात बंदी नाही. म्हणजे कारखाना बंद होईल, पण माळ्यावरचा पारा माळ्यावरच राहील.

आधी बचतीचा हिशेब पाहू. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट वीज खातो. तेवढाच उजेड देणारा चौदा वॅटचा सीएफएल दोन युनिटच्या आसपास घेतो आणि नऊ वॅटचा एलईडी दीडच्याही आत. आपल्याकडे वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वाचलेले युनिट बिलातल्या सर्वात महाग टप्प्यातून कमी होतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने हे गणित गावोगावी पोहोचवले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बला तीनशे रुपयांच्या वर मोजावे लागत. २०१६ मध्ये तो चाळीसच्या आत आला. वीज कार्यालयांबाहेर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील.

पण वरचे आकडे पुन्हा पाहा. खरी उडी पिवळ्या बल्बपासून सीएफएलपर्यंतची होती. चालू सीएफएल काढून एलईडी लावल्याने महिन्याला एक युनिटही वाचत नाही. त्यामुळे चांगला चालणारा सीएफएल केवळ जुना झाला म्हणून फेकण्यात शहाणपणा नाही. तो विझेल तेव्हा बदलावा. वीज खरोखर वाचवायची असेल तर न्हाणीघरात डोकवावे. दोन हजार वॅटचा गीझर रोज वीस मिनिटे चालला तर महिन्याला वीस युनिट जातात.

एलईडीवर घेतला जाणारा मोठा आक्षेप म्हणजे निळा प्रकाश. पांढऱ्या एलईडीचा गाभा निळ्या एलईडीचाच असतो. त्याच्या शोधासाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. घरातल्या साध्या बल्बने दृष्टिपटल जळते, ही भीती अनाठायी आहे. झोपेचा मुद्दा मात्र खरा आहे. डोळ्यांतील काही पेशी निळ्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि रात्री तो मिळाला की झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे स्रवण कमी होते. आपल्याकडे ‘पांढराशुभ्र उजेड म्हणजे चांगला उजेड’ अशी आवड असल्याने निजायच्या खोलीतही ६५०० केल्विनचे दिवे लागतात. तिथे २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा बरा. तो त्याच किमतीच्या आसपास मिळतो, मागावा मात्र लागतो. (नवजात बाळाच्या काविळीवर निळा प्रकाश वापरतात हे खरे, पण तो ठरावीक तरंगलांबीचा आणि खूप तीव्र असतो. बाळाला घरातल्या ट्यूबखाली झोपवून कावीळ उतरत नाही; उगाच दिवस वाया जातात.)

ज्येष्ठांच्या बाबतीत प्रश्न उलटा आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. शंभर वॅटच्या बल्बच्या जागी बचतीच्या नावाखाली पाच वॅटचा एलईडी लावला, तर जिन्यात आणि न्हाणीघरात पाय घसरण्याची सोय होते. खुब्याच्या एका अस्थिभंगापुढे आयुष्यभराची वीजबचत काहीच नाही. खोक्यावर वॅट न पाहता ल्युमेन पाहावेत: साठ वॅटच्या जुन्या बल्बला सातशे ते आठशे, शंभर वॅटच्याला तेराशेच्या आसपास. स्वस्त, बिनमार्क्याच्या दिव्यांत उजेडाची फडफड होते, काहींचे डोके त्याने दुखते. बीआयएसची नोंदणी आणि ऊर्जाबचतीचे तारे पाहून घेतलेला दिवा थोडा महाग पडला तरी चालेल.

आता पारा. एका सीएफएलमध्ये तो जास्तीत जास्त पाच मिलिग्रॅम असतो; जुन्या नळ्यांत त्याहून जास्त. तापमापीत अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे शंभरपट किंवा अधिक. तेव्हा एक दिवा फुटल्याने घरात कुणाला विषबाधा होत नाही. खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करून मुलांना आणि गर्भवतीला बाहेर न्यावे, दहा-पंधरा मिनिटांनी जाड कागदाने तुकडे गोळा करावेत, बारीक भुकटी चिकटपट्टीने उचलावी, ओल्या कागदाने पुसावे आणि सारे बरणीत बंद करावे. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावला की भुकटी आणि वाफ खोलीभर पसरते.

धोका आहे तो रोज हे दिवे फोडणाऱ्यांना. टोकाच्या ॲल्युमिनियमच्या टोप्यांसाठी भंगाराच्या बंद गाळ्यात शेकड्याने नळ्या फोडल्या जातात. पाऱ्याची वाफ श्वासावाटे रक्तात जाते, तिथून मेंदूत आणि मूत्रपिंडांत. हात कापणे, हिरड्या सुजणे, विसराळूपणा, चिडचिड अशी लक्षणे हळूहळू दिसतात आणि ती दारूच्या किंवा वयाच्या खात्यावर टाकली जातात. ‘तू कोणते काम करतोस?’ हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत अनेकदा राहूनच जातो.

नियमांची वानवा नाही. घनकचरा नियम, २०१६ मध्ये सीएफएल आणि ट्यूबलाइट यांचा घरगुती घातक कचऱ्यात स्पष्ट उल्लेख होता, आणि असा कचरा स्वीकारण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. ई-कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकांनाही बांधून घेतले आहे. तरी आपल्या प्रभागातले केंद्र कुठे आहे, हे विचारल्यावर सांगू शकणारे नागरिक विरळाच, आणि घंटागाडीवरच्या कामगाराकडे या दिव्यांसाठी वेगळा डबाही क्वचितच असतो. नळ्यांची शेवटची मोठी लाट येण्याआधी पालिकांनी किमान तो डबा आणि केंद्रांचे पत्ते द्यायला हवेत.

घरात तोवर एवढे जमते: नवी एलईडी पट्टी पुठ्ठ्याच्या ज्या लांब खोक्यातून येते, त्यातच जुनी नळी अखंड ठेवावी, वर ‘पारा – फोडू नये’ असे ठळक लिहावे आणि ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता कामगाराच्या हातात वेगळी द्यावी.