उन्हाळ्याची सुट्टी : लेकरांची आणि त्यांच्या आईचीही



परीक्षा संपत आल्या की शाळेच्या कार्यालयात अर्जांची रीघ लागते. कुणाला बोनाफाईड हवे असते, कुणाला दाखला, कुणाला फी भरायला मुदत. २०२५ च्या एप्रिलमध्ये या अर्जांत एक निराळा अर्ज होता. त्या वर्षी आम्ही सहावीपासून पुढच्या सर्व मुलांसाठी सुट्टीतले जादा वर्ग ठेवले होते आणि हजेरी सक्तीची केली होती. एका तरुण मातेने त्यातून मुलाला सूट मागितली होती. एप्रिलअखेरचे दहा दिवस तिच्या चर्चचे उन्हाळी शिबिर होते. तिथे ती स्वतः लहान मुलांना शिकवणार होती आणि तिची दोन्ही मुले शिबिरात असणार होती. एक मेनंतर मुलांना घेऊन ती उदगीरकडे माहेरी जाणार होती.

आम्ही अर्जावर ‘नामंजूर’ असे लिहिले. खरे सांगायचे तर फार विचारही केला नाही. निकालाची काळजी डोक्यात होती.

दुसऱ्या दिवशी ती भेटायला आली. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली, “सर, शाळा तर पुन्हा भेटतेच. माझा भाऊ पुण्याला कामाला असतो, बहीण हैदराबादला. वर्षातून एकदा, मे महिन्यातच आम्ही सगळे मायजवळ गोळा होतो. लेकराला त्याचा मामा माहीत असावा की नको?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही अर्ज परत मागवला, आधीचा शेरा खोडला आणि ‘मंजूर’ लिहिले. पण प्रश्न मनातून गेला नाही, म्हणून आज या पानावर तो आपणा सर्वांपुढे ठेवत आहोत.

आपल्या भागात माहेर आणि सासर यांच्यामध्ये राज्याची सीमा असणे ही नवलाची गोष्ट नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा निजामाच्या काळापासूनचा बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. सोयरिकी मात्र होत्या तशाच राहिल्या. आळंद-अफजलपूरच्या लेकी सोलापूरकडे नांदतात, उदगीरच्या लेकी भालकीत.

त्यात दोन राज्यांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. २०२५ साली आपल्याकडे ११ एप्रिल ते २८ मे अशी सुट्टी होती. महाराष्ट्रात त्याच वर्षी परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि शाळा १६ जूनला उघडल्या. म्हणजे इकडची भावंडे मोकळी असतात तेव्हा तिकडची पेपर लिहीत असतात, आणि तिकडची आंबे खात असतात तेव्हा इकडची दप्तर भरत असतात. दोन्हीकडची मुले एका अंगणात येण्यासाठी मे महिन्याचे जेमतेम चार आठवडे उरतात. त्यातलेच पहिले पंधरा दिवस आम्ही जादा वर्गांसाठी घेतले होते! वेळापत्रक करताना हे आमच्या ध्यानात आले नाही, ही आमची चूक आहे.

शिबिराच्या समारोपाला तिने आम्हाला आग्रहाने बोलावले. चर्चच्या शिबिरात काय चालते याची आम्हाला नीट कल्पना नव्हती. सकाळी ऊन चढण्याआधी मुले येतात. प्रार्थना होते, पवित्र शास्त्रातली एक गोष्ट सांगितली जाते, हातवारे करून गाणी म्हटली जातात, मग कागदकाम, चित्रे, खाऊ आणि उन्हाच्या आत घरी. गाणी बहुतेक कन्नड, काही हिंदी. आमची ही पालक-शिक्षिका हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होती. तोंडाने कन्नड चालू, आणि एखादे बाळ गोंधळले की लगेच मराठी.

आम्ही थक्क झालो ते तिच्या मुलाला पाहून. आमच्या प्रगतिपुस्तकात या मुलापुढे ‘बुजरा, फळ्याजवळ येत नाही’ असा शेरा आहे. तिथे तो लहान मुलांच्या रांगा लावत होता, पाणी वाटत होता, आणि शेवटी सगळ्यांसमोर उभा राहून त्याने आभारही मानले. आमच्या वर्गात सहा वर्षांत जे दिसले नाही ते दहा दिवसांत दिसले. कारण साधे आहे. वर्गात तो पंचेचाळिसातला एक होता. इथे त्याच्यावर काम सोपवलेले होते.

अशा शिबिरांना मोठा इतिहास आहे. १८९८ साली न्यूयॉर्क शहरात हॉज आडनावाच्या एका बाईंनी सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या गरीब मुलांसाठी रोजची शाळा काढली. जागा मिळेना म्हणून त्यांनी बिअरचा गुत्ता भाड्याने घेतला. आज जगभर चालणाऱ्या सुट्टीतल्या बायबल शाळांची सुरुवात शोधताना त्या शाळेचे नाव घेतात. आपल्या शेजारचे उदाहरण द्यायचे तर विकाराबादजवळच्या धारूरची मेथडिस्ट जत्रा. ती १९२३ साली सुरू झाली आणि दर नोव्हेंबरात भरते. बीदर-कलबुर्गीकडची ख्रिस्ती कुटुंबेही तिथे जातात, रानात तंबू ठोकून राहतात, तिथेच चूल मांडतात. उपासनेला आजी असते, नातू असतो आणि मध्ये आईही असते. शिबिर एकीकडे आणि कुटुंब दुसरीकडे अशी वाटणी तिथे नाही.

कुणी म्हणेल, एका चर्चच्या शिबिराचे एवढे कौतुक कशाला? आमचे म्हणणे एका धर्मापुरते नाही. आमच्याच शाळेतली काही मुले उन्हाळ्यात वारकरी बालसंस्कार शिबिरांना जातात, काही मदरशात कुराणपठण शिकतात, काही माणिकनगरला किंवा गाणगापूरला आजी-आजोबांबरोबर चार दिवस राहून येतात. म्हैसूरला ‘रंगायण’ ही नाट्यसंस्था मुलांसाठी उन्हाळी मेळा भरवते. यातल्या कुठल्याही ठिकाणी मूल गेले तर ते आपल्या माणसांत वावरते, मोठ्यांचे ऐकते, धाकट्यांना सांभाळते. हा अभ्यास आमच्या फळ्यावर होत नाही.

आता आईविषयी. आपण सुट्टी म्हणतो ती मुलांची. तिच्या घरात पहाटे पाचला दिवस सुरू होत होता. पाणी भरायचे, भाकरी करायच्या, सात वाजता दोन्ही मुलांना घेऊन चर्चमध्ये जायचे, दुपारी परतून स्वयंपाक, आणि संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या कागदकामाची कात्रणे कापत बसायचे. मधल्या वेळात कुरडया आणि शेवया होत्याच. आम्ही तिला विचारले, “ताई, मग तुम्हाला सुट्टी कधी?” ती हसून म्हणाली, “माहेरी गेल्यावर, सर. तिथं चहा कुणीतरी हातात आणून देतं.”

हे वाक्य प्रत्येक वडिलांनी आणि आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आम्हाला वाटते. वर्षभर ज्या हातांनी सर्वांना चहा दिला, त्या हातांना आयता चहा मिळायला मे महिना आणि माहेर लागते! मुलाचे जादा वर्ग असले की आईचे माहेर रद्द होते, कारण डबा तिनेच करायचा असतो. आमच्या सूचनेवरील एका सहीने घराघरांतल्या आयांची सुट्टी जाते, हे आम्हाला त्या दिवशी समजले.

विश्वस्त मंडळाची काळजी आम्ही जाणतो. २०२५ च्या एसएसएलसी निकालात कलबुर्गी जिल्हा राज्यात अगदी शेवटी होता, निकाल ४२.४३ टक्के. पहिल्या आलेल्या दक्षिण कन्नड जिल्ह्याचा ९१.१२ टक्के. हे आकडे पाहून कोणत्याही संस्थेला जादा वर्ग घ्यावेसे वाटतील, आम्हालाही वाटले. पण एक गोष्ट पाहा. उन्हाळ्याची सुट्टी दक्षिण कन्नडलाही आहे आणि कलबुर्गीलाही. मग इतके अंतर सुट्टीने पडलेले नाही. ते जून ते मार्च या काळात पडते. रिकाम्या राहिलेल्या शिक्षकांच्या जागांमुळे पडते, सुगीत शेतावर जाणाऱ्या मुलांच्या बुडालेल्या हजेरीमुळे पडते, आणि तिसरीत कच्चे राहिलेले वाचन आठवीपर्यंत तसेच पुढे ढकलल्यामुळे पडते. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा चालवायला सांगितले आहे. त्या दिवसांत आम्ही जे नीट केले नाही, ते मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखाली बसवून कसे भरून निघेल?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लांब सुट्टीत मुले थोडे विसरतात, गणित तर हमखास. शाळा उघडल्यावर हा मुलगा परतला तेव्हा अपूर्णांकांची बेरीज चुकत होता. पंधरा दिवस रोज मधल्या सुट्टीत त्याला बसवून ती दुरुस्त करून घ्यावी लागली. पण त्याच मुलाने आजोळच्या दिवसांवर सात पाने मराठी लिहून आणली होती. मामाच्या विहिरीवरची मोट कधी बंद पडली, आजीच्या लग्नात वऱ्हाड कुठून आले, सगळे आजीला विचारून लिहिलेले. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण एकही वाक्य गाईडमधले नव्हते.

इथे आमची गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. दहा महिने हिंदीत वाचायचे, हिंदीत लिहायचे, परीक्षेत विचारही हिंदीतच करायचा. तरी आज मराठी शाळेच्या या पानावर चार ओळी लिहू शकतो, त्या आजोळच्या माळवदावर रात्री आजीजवळ पडून ऐकलेल्या मराठीच्या जोरावर. ती मराठी कोणत्या अभ्यासक्रमात नव्हती. सुट्टी नसती तर ती आमच्या कानावर पडली नसती. आमच्या मुलांची बाजारातली भाषा कन्नड, टीव्हीची हिंदी आणि पालकांच्या मनातली इंग्रजी. या सर्व भाषा त्यांनी अवश्य शिकाव्यात. पण मराठी शाळा चालवणाऱ्या समाजानेच आजीजवळचे पंधरा दिवस काढून घेतले, तर मराठी टिकवण्याची भाषणे आपण कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, मे महिन्यात शाळेने कोणताही सक्तीचा वर्ग ठेवू नये. ज्यांना खरोखर गरज आहे अशा मुलांसाठी २५ एप्रिलपर्यंत, सकाळी साडेसात ते दहा, ऐच्छिक वर्ग घ्यावेत आणि त्यासाठी फी आकारू नये. दुसरी, वाचन व गणितात मागे असलेल्या मुलांची यादी मार्चमध्ये नव्हे, जुलैमध्ये करावी आणि वर्षभर रोज एक तास त्यांच्यासाठी राखावा. तिसरी, सुट्टीचा गृहपाठ म्हणून वह्या भरून आणायला सांगू नये. रोज दहा मिनिटे गणित, आणि घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहिलेली काही पाने, एवढे पुरे.

पालकांना विनंती एवढीच की, शाळेने मोकळे केलेले दिवस ट्यूशनवाल्यांच्या हवाली करू नका. शिबिर असेल तर दहा दिवस पाठवा, पण महिनाभर चार शिबिरांत फिरवू नका. आणि विद्यार्थी मित्रहो, माहेरी गेलेल्या आईला तिथे तरी हाका मारून उठवू नका. तिच्यासाठी चहा तुम्ही करा.

तो खाडाखोड केलेला अर्ज आम्ही फाईलमध्ये जपून ठेवला आहे. पुढच्या उन्हाळ्यात असा अर्ज लिहायची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये, एवढीच विश्वस्त मंडळाकडे नम्र विनंती.